मिनीमेड ७८०जी: आकडेमोड पंपावर सोडा, लक्ष नळीवर ठेवा

रोज चार-पाच इंजेक्शनं घेऊनही ज्यांची रात्रीची आणि पहाटेची शुगर आवरत नाही, अशा टाइप १ डायबिटीसच्या माणसांसाठी मेडट्रॉनिकचा मिनीमेड ७८०जी इन्सुलिन पंप आणि त्याच्यासोबतचा, शुगर मोजणारा गार्डियन ४ सेन्सर ही कामाची जोडी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण घेण्याआधी जे दाखवलं जातं आणि घेतल्यावर ज्याच्याशी रोज गाठ पडते, त्यात बरंच अंतर आहे. डेमोत पडद्यावरचे आलेख, फोनवरचं अ‍ॅप, दर पाच मिनिटांनी आपोआप बदलणारा डोस यावर तासभर बोलणं होतं. कातडीखाली जाणाऱ्या सहा मिलिमीटरच्या मऊ नळीवर पाच मिनिटं. रात्री दोन वाजता शुगर ३४० दिसते तेव्हा मात्र चूक अल्गोरिदमची क्वचितच निघते. बहुतेक वेळा ती नळी वाकलेली असते, बाहेर आलेली असते किंवा तीनऐवजी पाच दिवस ओढलेली असते. म्हणून या परीक्षणात नळीला जास्त जागा दिली आहे.

पेटीत काय, अंगावर काय

पंप खिशात मावणारा, चालतो एका पेन्सिल सेलवर. आत ३ मिलीचा, म्हणजे ३०० युनिटांचा रिझर्व्हॉयर (इन्सुलिनची कुपी) बसतो. त्याला नळी, नळीच्या टोकाला कॅन्युला, म्हणजे कातडीखाली जाणारी ती मऊ छोटी नळी, आणि ही कॅन्युला पोटावर, मांडीवर किंवा कुल्ल्यावर चिकटते. सेन्सर वेगळा, दंडाच्या मागच्या बाजूला, सात दिवसांचा. त्याला एक छोटा ट्रान्समीटर जोडायचा. तो फेकायचा नसतो, दर सेन्सरला पुन्हा चार्ज करून वापरायचा असतो, आणि त्याच्या चार्जरला पेन्सिल सेलहून बारीक असा ट्रिपल-ए सेल लागतो. हा सेल संपलेला असतो हे नेमकं सेन्सर बदलायच्या दिवशी कळतं. घरात दोन जास्तीचे ठेवावेत.

सेन्सर दर पाच मिनिटांनी एक आकडा पाठवतो, दिवसाला २८८. नवा लावल्यावर दोन तासांपर्यंत वॉर्म-अप असतो, त्या वेळेत आकडा नाही. आधीच्या गार्डियन ३ ला दिवसातून दोनदा बोट टोचून कॅलिब्रेट करावं लागायचं, गार्डियन ४ ला ती सक्ती नाही. मात्र ग्लुकोमीटर कपाटात टाकून द्यायचा नाही. आकडा आणि अंगात जाणवणारं यांचा मेळ बसत नसेल तेव्हा निर्णय बोटाच्या रक्तावरच घ्यायचा.

स्मार्टगार्ड नक्की काय करतं

पंप सुरू केल्यावर पहिले ४८ तास तरी तो मॅन्युअलमध्येच, म्हणजे आधी ठरवून दिलेल्या दरांवर चालतो, तुमचं रोजचं एकूण इन्सुलिन शिकतो. मग स्मार्टगार्ड, म्हणजे सेन्सरच्या आकड्यावरून डोस आपोआप ठरवणं, चालू करता येतं. टार्गेट १००, ११० किंवा १२० यातलं एक निवडायचं. त्यानुसार बेसल, म्हणजे दिवसभर थोडं थोडं जाणारं इन्सुलिन, दर पाच मिनिटांनी कमी-जास्त होतं आणि एवढ्यावर भागत नसेल तर पंप स्वतःहून करेक्शन बोलस, म्हणजे चढलेली शुगर उतरवायला एकदम दिलेला डोस, देतो. ते गरज असेल तर दर पाच मिनिटांनीही येऊ शकतं, आणि त्याचं लक्ष्य १२० असतं. शुगर घसरताना दिसली तर पुरवठा आधीच आवरता घेतला जातो. रात्रीच्या झोपेत या यंत्राचा खरा फायदा दिसतो, कारण रात्री जेवण नाही, धावपळ नाही, अल्गोरिदमच्या वाटेत कोणी येत नाही. सकाळी ११० ते १३०च्या आसपास उठणं हे ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं नसतं, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

कागदावरचा पुरावाही चांगला आहे. युरोपात झालेल्या अ‍ॅडाप्ट चाचणीत (निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले) इंजेक्शनं आणि सेन्सर वापरूनही एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ८च्या वर असलेल्या प्रौढांना ७८०जीवर आणलं. सहा महिन्यांत त्यांची सरासरी साधारण ९वरून ७.३वर आली. इंजेक्शनांवरच राहिलेल्या गटात मात्र जेमतेम फरक पडला.

सेटिंगबद्दल एक गोष्ट डॉक्टरांशी आवर्जून बोला. स्मार्टगार्डमध्ये तुमच्या हातात तीनच दांडे असतात: टार्गेट, अ‍ॅक्टिव्ह इन्सुलिन टाइम (दिलेलं इन्सुलिन किती तास काम करत राहतं तो काळ) आणि कार्ब रेशो (जेवणातल्या किती ग्रॅम कार्बोहायड्रेटला एक युनिट). सेन्सिटिव्हिटी फॅक्टर (एका युनिटने शुगर किती उतरते) बदलून स्मार्टगार्डमध्ये काही होत नाही, तो मॅन्युअलसाठी. अ‍ॅक्टिव्ह इन्सुलिन टाइम जुन्या पंपांच्या सवयीने चार तासांवर ठेवलेला बऱ्याच जणांकडे दिसतो. मग पंप 'आधीचं इन्सुलिन अजून बाकी आहे' असं धरून करेक्शन देताना हात आखडतो, आणि लोक म्हणतात की ऑटो करेक्शन काही कामाचं नाही. या पंपासाठी तो दोन तासांवर ठेवण्याचीच शिफारस असते. टार्गेट १०० आणि दोन तास या जोडीवर आकडे सगळ्यात चांगले येतात. ज्यांना हायपोची, म्हणजे शुगर फार खाली जाण्याची, भीती आहे त्यांनी १२०ने सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांनी खाली यावं, घाई नाही.

हा पंप मुळात टाइप १ असलेल्या ७ ते ८० वयाच्या माणसांसाठी मंजूर झाला होता, आणि स्मार्टगार्ड चालायला दिवसाला किमान ८ युनिट इन्सुलिनची अट होती. अगदी लहान मुलाला घ्यायचा विचार असेल तर हे दोन आकडे सध्या काय आहेत ते आधी पाहा.

बाटली वाचून घ्या

आपल्याकडे ह्यूमन इन्सुलिनच्या बाटल्या अजूनही ४० आययू प्रति मिलीच्या मिळतात. पंपाचं सगळं गणित १०० युनिट प्रति मिली धरून आहे. चुकून ४०ची बाटली भरली तर पंपावर १० युनिट दिसतील आणि शरीरात जातील ४. शिवाय साधं ह्यूमन इन्सुलिन पंपासाठी संथ पडतं. पंपाला नोव्होरॅपिड किंवा ह्यूमलॉगसारखं झटपट काम करणारं, १०० युनिटचंच लागतं. औषधाच्या दुकानात घाईच्या वेळी 'इन्सुलिन द्या' एवढंच म्हणू नका, जुनी बाटली किंवा खोका समोर ठेवा.

भरण्याची पद्धत, सावकाश

फ्रिजमधून काढलेलं थंड इन्सुलिन तसंच भरलं की ते पंपात गरम होताना त्यातली विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपात सुटते. हे अगदी बारीक, सोड्याच्या बाटलीत दिसतात तसे, रिझर्व्हॉयरच्या काचेसारख्या भिंतीला चिकटून बसलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी एकत्र येऊन नळीत सरकतात. नळीतला इंचभर लांबीचा बुडबुडा म्हणजे साधारण अर्धं युनिट इन्सुलिन कमी. मोठ्या माणसाला याचं काही वाटत नाही, दिवसाला १२ युनिट घेणाऱ्या मुलाला वाटतं. म्हणून बाटली अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवायची.

किती भरायचं याचं गणित सोपं आहे. दिवसाला ३६ युनिट लागत असतील तर तीन दिवसांचे १०८, साठ सेंटिमीटरची नळी भरायला साधारण १०, आणि वीसेक वरचे. म्हणजे १४० पुरे. पूर्ण ३०० भरून ठेवायचे आणि सेट (नळी आणि कॅन्युला मिळून) बदलताना उरलेलं फेकायचं किंवा न फेकता सहा-सात दिवस तेच ओढायचं, या दोन्ही सवयी महागात पडतात.

रिझर्व्हॉयरचा दांडा लागेल तेवढा खाली ओढून हवा घ्यायची, निळं टोपण बाटलीवर दाबून बसवायचं, हवा बाटलीत सोडायची, मग बाटली वर राहील असं उलटं करून इन्सुलिन हळूहळू ओढायचं. टिचकी मारून बुडबुडे वर आणायचे आणि बाटलीत परत ढकलायचे. यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात: निळं टोपण काढण्याआधी सगळं पुन्हा पालथं करून बाटली खाली आणायची आणि मगच फिरवून रिझर्व्हॉयर वर उचलायचा. तसं केलं नाही तर रिझर्व्हॉयरच्या तोंडावर इन्सुलिनचा थेंब सांडतो. नळीच्या जोडाच्या आत हवा जाण्यासाठी बारीक छिद्रं असतात, ती त्या थेंबाने ओली होऊन बंद पडू शकतात. मग पंपाच्या कप्प्यात दाब साचतो आणि इन्सुलिन कमी किंवा जास्त जाऊ शकतं. थेंब सांडलाच तर पुसून पुढे जायचं नाही. तो रिझर्व्हॉयर आणि तो सेट बाजूला ठेवून नवीन घ्यायचा. जीव हळहळतो, पण घ्यायचा.

आणि एक नियम ज्याला अपवाद नाही. रिवाइंड करताना (पंपाच्या आतला दांडा मागे नेताना) आणि नळी भरताना सेट अंगाला जोडलेला नसावा. नळी भरताना दहा युनिट बाहेर पडतात, ती अंगात गेली तर थेट दवाखाना गाठावा लागेल.

नळीच्या टोकाशी थेंब दिसले, कॅन्युला टोचली, सुई काढली, की कॅन्युला भरायची: सहा मिलिमीटरच्या क्विक-सेटला ०.३ युनिट, नऊला ०.५. हे विसरलं तर पहिला तास-दीड तास बेसल रिकाम्या नळीतच जिरतं.

कॅन्युला

साधा सेट दोन ते तीन दिवसांचा. सात दिवस चालणारा एक्स्टेंडेड सेटही कंपनी बनवते, पण त्याला त्याचाच रिझर्व्हॉयर लागतो. साध्या सेटला सात दिवस ओढणं आणि सात दिवसांचा सेट वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या दिवसानंतर त्या जागेला सूज येते, इन्सुलिन शोषलं जाणं मंदावतं, आकडे विनाकारण चढू लागतात. पंप मग जास्त इन्सुलिन देतो, लोक कार्ब रेशो बदलतात, आणि मूळ कारण टेपखाली तसंच राहतं.

सडपातळ अंगाच्या मुलांना नव्वद अंशांत जाणारी मऊ कॅन्युला स्नायूला लागून वाकते. काढून पाहिली की टोक दुमडलेलं दिसतं, अगदी घडी घातल्यासारखं. असं दुसऱ्यांदा झालं तर जागेला दोष देत बसण्यापेक्षा सेटचा प्रकार बदला. तिरकी जाणारी सिल्हूट किंवा पोलादी सुईची शुअर-टी आहे. शुअर-टी वाकत नाही, पण दर दोन दिवसांनी बदलावी लागते. सेट विकणाऱ्याकडे एकाच प्रकारचा साठा असला की तोच 'सगळ्यात चांगला' असतो. तुम्हाला कोणता लागतो ते स्वतः ठरवा आणि तोच मागवा.

जागा फिरवणं याला पर्याय नाही. बेंबीपासून पाच सेंटिमीटर दूर, सेन्सरपासून किमान अडीच, आणि आधीच्या जागेपासून चार बोटं. वर्षानुवर्षं एकाच जागी टोचलं की कातडीखाली गाठी होतात. तिथे टोचलेलं दुखत नाही, म्हणून मुलं हट्टाने तीच जागा दाखवतात, आणि तिथेच इन्सुलिन सगळ्यात वाईट शोषलं जातं. महिन्यातून एकदा पोट आणि मांड्या बोटांनी चाचपून पाहाव्यात.

सेट सकाळी न्याहारीआधी बदलायचा, रात्री झोपताना कधीच नाही. कॅन्युला नीट बसली नाही हे कळायला दोन-तीन तास लागतात, आणि तेवढे तास जागं असणं आवश्यक आहे. न्याहारीचा बोलस त्याच नळीतून गेला की दीड-दोन तासांत आकडाच सांगतो नळी चालते की नाही.

अलार्म का वाजत नाही

'इन्सुलिन फ्लो ब्लॉक्ड' हा अलार्म दाबावर चालतो. नळीत काही युनिटं तुंबल्याशिवाय दाब पुरेसा वाढत नाही. समजा दोन युनिटं तुंबल्यावर तो वाजणार आहे आणि रात्री बेसल चाललंय तासाला अर्धं युनिट. म्हणजे चार तास शांतता. शिवाय कॅन्युला बाहेर येऊन इन्सुलिन टेपखाली ओघळत असेल तर अडथळाच नाही, मग अलार्मही नाही. अशा वेळी दोनच खुणा: टेपला ओलसरपणा आणि इन्सुलिनचा तो फिनेलसारखा उग्र वास. नाक जवळ नेऊन वास घ्यायची सवय घरातल्या सगळ्यांना लावावी.

ही गोष्ट गंभीर का, तर पंपात लाँग-अ‍ॅक्टिंग इन्सुलिन नसतंच. पेनवर असलेल्या माणसाचा एखादा बोलस चुकला तरी लँटससारखं इन्सुलिन मागे उभं असतं. पंपावर पुरवठा थांबला की काही तासांत शरीर जवळजवळ कोरडं पडतं आणि कीटोन (इन्सुलिन नसताना चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढू लागतात. पंप घेणाऱ्या प्रत्येक घरात हा क्रम भिंतीवर लावलेला असावा: आकडा २५०च्या वर टिकून आहे, तर आधी बोटाचं रक्त तपासा आणि सोबत रक्तातले कीटोन. कीटोन ०.६च्या खाली असतील तर पंपातून करेक्शन द्या, तास-दीड तासाने पुन्हा पाहा. उतार नसेल किंवा कीटोन ०.६च्या वर असतील तर नळीवर विश्वास ठेवू नका: करेक्शन पेनने किंवा सिरिंजने, सेट आणि रिझर्व्हॉयर नवा, भरपूर पाणी. १.५च्या वर डॉक्टरांना फोन, ३च्या वर किंवा उलट्या होत असतील तर थेट रुग्णालय. पेनने दिलेलं इन्सुलिन पंपाला माहीत नसतं, म्हणून त्यानंतर काही तास स्मार्टगार्ड बंद ठेवावं, नाहीतर तो वरून आणखी करेक्शन देईल. नेमकं किती तास आणि किती डोस हे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. लघवीच्या पट्ट्यांवर हा क्रम चालत नाही, त्या मागे पडतात. रक्तातले कीटोन मोजणारा मीटर आणि पट्ट्या पंपासोबतच घ्याव्यात.

सेन्सरचं बरंवाईट

सेन्सर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्तातली नाही. शुगर झपाट्याने बदलत असताना तो पाच-दहा मिनिटं मागे असतो. हायपोला साखर खाऊन झाल्यावर पडद्यावरचा आकडा अजून खालीच दिसतो आणि माणूस परत खातो, तासाभराने २२०. या पंपावर हायपोला १५ ग्रॅम खायची जुनी सवयही कमी करावी लागते, कारण पंपाने बेसल आधीच थांबवलेलं असतं. साध्या हायपोला ५ ते १० ग्रॅम बहुधा पुरतात. चमचाभर साखर म्हणजे ५ ग्रॅम.

सेन्सर लावलेल्या दंडावर झोपलं की तिथला द्रव दाबला जातो आणि खोटा हायपो दिसतो. कूस बदलली की वीस मिनिटांत आकडा सरळ. ५४चा अलार्म बंद करता येत नाही, आणि तेच योग्य आहे.

लावल्यावर जागेवर रक्त आलं तर लगेच ट्रान्समीटर लावू नका, काही मिनिटं हलक्या हाताने दाब द्या. जोडला की ट्रान्समीटरवर हिरवा दिवा लुकलुकतो, तो दिसला नाही तर काढून चार्ज करा. दुसरी टेप नीट ताण न देता लावायची. कोकण-मुंबईच्या दमटपणात आणि जुलैच्या पावसात तिच्या कडा तिसऱ्या दिवशी सुटायला लागतात, तेव्हा वरून एखादी कापडी टेप लागतेच.

आता पॅरासिटामॉल. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल, सर्दीच्या बहुतेक गोळ्या: यातलं पॅरासिटामॉल या सेन्सरला साखरेसारखं भासतं आणि आकडा खोटा वर जातो. साध्या सेन्सरवर ही नुसती चुकीची बातमी असते. इथे पंप त्या आकड्यावर इन्सुलिन देतो. गोळी घेतली की काही तास स्मार्टगार्ड बंद, मॅन्युअल बेसल, आणि बोटाचं रक्त. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्यांसाठी तर हा सेन्सर वापरायचाच नाही, आणि विदर्भात सिकलसेलचं प्रमाण पाहता डॉक्टरांनीही हे विचारून घ्यायला हवं. ही माहिती पुस्तिकेत आहे, पण ती पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हवी होती.

सेन्सर मधेच गप्प झाला तर पंप चार तासांपर्यंत ठरावीक सुरक्षित बेसल देतो, मग मॅन्युअलला येतो. म्हणून मॅन्युअलचे बेसल दरही खरे, अद्ययावत असले पाहिजेत. वर्षापूर्वीचे दर तसेच पडून असतात आणि नेमक्या त्याच रात्री कामाला लागतात.

जेवण

स्मार्टगार्ड चुका सांभाळून घेतं, विसरणं नाही. बोलस जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं. विसरलात आणि अर्धा-पाऊण तास झाला, तर अर्धेच कार्ब टाका. तासापेक्षा जास्त झाला तर काहीच टाकू नका, पंप एव्हाना करेक्शन देऊ लागलेला असतो. वर पूर्ण बोलस दिला की दोन्ही मिळून हायपो.

कार्ब मोजायला स्वयंपाकघराचा काटा घ्या, पहिले दोन महिने तरी. ३० ग्रॅम कोरड्या कणकेचा फुलका म्हणजे साधारण २० ग्रॅम कार्ब, ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी ४०, पन्नास ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात ३९. उपासाला साठ ग्रॅम कोरड्या साबुदाण्याची खिचडी पन्नासच्या पुढे जाते, आणि तीही वेगाने चढणारी. एकादशीला 'आज काही खाल्लं नाही' म्हणत बोलस न घेणाऱ्यांचे आलेख डोंगरासारखे दिसतात. पुरणपोळी-तुपाचं उलटं: कार्ब भरपूर, पण तुपामुळे उशिरा चढणारे. स्मार्टगार्डमध्ये बोलस दोन भागांत विभागून देण्याची सोय नाही. ही उणीव आहे. पहिल्या वेळी पूर्ण कार्ब टाकून पुढचे चार तास ऑटो करेक्शनला काम करू द्यावं, आणि मधेच हायपो दिसला तर पुढच्या वेळी कमी कार्ब टाकून पाहावं.

पळणं, पोहणं, ढोल-ताशाचा सराव असेल तर तास-दोन तास आधी टेम्प टार्गेट लावा. ते १५० असतं आणि त्या काळात ऑटो करेक्शन बंद राहतं. ऐनवेळी लावून उपयोग नाही, आधीचं इन्सुलिन अंगात असतंच.

ऊन, गर्दी, अंघोळ

पंप चालायची मर्यादा ४० अंशांपर्यंतची, आणि आतलं इन्सुलिन ३७च्या वर तापलं की भरवशाचं राहत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात दुचाकीवर पंप शर्टाबाहेर, उन्हात लटकलेला असेल तर रिझर्व्हॉयर तापतो. आतल्या बाजूला, कपड्याखाली ठेवा, आणि विनाकारण शुगर चढू लागली तर तीन दिवस पूर्ण व्हायची वाट न पाहता इन्सुलिन बदला. सेन्सरच्या पेट्याही तिशीच्या वर तापणाऱ्या खोलीत नकोत.

पंप नवा असताना ३.६ मीटर पाण्यात २४ तास टिकेल असा बनवलेला आहे. पण पडून-आपटून तडा गेलेल्या पंपाला ते लागू नाही, आणि तडा दिसतोच असं नाही. अंघोळीला काढून ठेवणं सोपं. काढताना पुरवठा थांबवा, नाहीतर नळीतून हवेत गेलेलं इन्सुलिनही पंप 'अंगात गेलं' असं धरतो. तासापेक्षा जास्त वेळ काढून ठेवू नका. एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या आधी पंप, सेन्सर, ट्रान्समीटर सगळं काढायचं. विमानतळावर पंप एक्स-रेच्या पट्ट्यावर ठेवायचा नाही, मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जायला हरकत नाही.

लोकलच्या गर्दीत लांब नळी बॅगेच्या पट्ट्यात अडकते आणि कॅन्युला उपटली जाते. ११० सेंटिमीटरची नळी बहुतेकांना लागतच नाही, साठ पुरते. नळीचा एक वळसा टेपखाली दाबून ठेवला की झटका वळशाला बसतो, कॅन्युलाला नाही.

फोनवर आकडे दिसतात, आई-बाबांसह पाच जणांना दूरवरून पाहता येतात. बोलस मात्र फोनवरून देता येत नाही. वर्गात, मीटिंगमध्ये पंपच हातात घ्यावा लागतो.

खर्च, आणि पैसे देण्याआधी काय विचारायचं

पंप लाखांत जातो, पण खरा खर्च महिन्याचा आहे. तीन दिवसांना एक याप्रमाणे महिन्याला दहा सेट, दहा रिझर्व्हॉयर, आणि चार ते पाच सेन्सर. वर्षाला १२२ सेट आणि ५२ सेन्सर होतात, त्यात वाकलेले-निघालेले दहा टक्के वर धरा. ट्रान्समीटर वर्षभराचा धरून चाला. हे सगळं लेखी दरपत्रकात मागा, आणि महिन्याच्या खर्चाला १२ने नाही तर ४८ महिन्यांनी गुणून पाहा. त्या आकड्याशी चार वर्षं जमणार नसेल तर चांगला सेन्सर आणि पेन यांवर उत्तम शुगर ठेवता येते. सेन्सर परवडत नाही म्हणून नुसता पंप वापरायचा असेल तर हा पंप घेण्यात अर्थ नाही, कारण सेन्सर नसेल तर स्मार्टगार्डच नाही. आरोग्य विमा बाहेरून लावायच्या उपकरणांचे आणि दरमहा लागणाऱ्या सेटचे पैसे देतो का, हेही आधी लेखी विचारा.

पंप बंद पडला तर बदली पंप किती तासांत मिळेल, तुमच्या गावात सेन्सर पोचायला किती दिवस लागतात, रात्री फोन कोण उचलतो, पहिल्या महिन्यात घरी येऊन किती वेळा शिकवणार, हे चार प्रश्न पैसे देण्याआधी. पुण्या-मुंबईत ज्याचं उत्तर 'उद्या' असतं, त्याचं लातूर-गडचिरोलीत 'पुढच्या आठवड्यात' होऊ शकतं. म्हणून तिथे महिनाभराचा जादा साठा हवाच.

तीन महिन्यांनी केअरलिंकचा (पंपाचे आकडे साठवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर) अहवाल काढा. ७० ते १८० मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वेळ, ७०च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी, हे पाहायचं. सोबत आणखी दोन ओळी पाहा: स्मार्टगार्ड किती टक्के वेळ चालू होतं आणि सेट सरासरी किती दिवसांनी बदलला. पहिला आकडा बिघडला असेल तर कारण बहुतेकदा या दोनांत सापडतं.

आणि पंपावरचं माणूस घराबाहेर पडताना पिशवीत हे असावं: एक सेट, एक रिझर्व्हॉयर, इन्सुलिन, एक पेन्सिल सेल, ग्लुकोमीटर, कीटोनच्या पट्ट्या, ग्लुकोजची पुडी, झटपट इन्सुलिनचा पेन सुयांसह, आणि पंपाच्या सगळ्या सेटिंगचा फोटो काढून केलेली छापील प्रत. पंप बंद पडला तर नव्या पंपात हे आकडे हाताने भरावे लागतात. लाँग-अ‍ॅक्टिंग इन्सुलिनचा एक पेन फ्रिजमध्ये, त्याची तारीख दर सहा महिन्यांनी पाहिलेली, आणि किती युनिट घ्यायचं ते त्याच्या खोक्यावर पेनाने लिहिलेलं.